व्ही थ्री नक्की लावायचा कुठे? पास्ट पार्टिसिपल, मराठी मिडियमवाल्यांसाठी पायरी पायरीने

गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, राइट-रोट-रिटन. हे आपल्याकडे पाचवी-सहावीपासून सगळ्यांना पाठ असतं. मी स्वतः अमळनेर तालुक्यातल्या मराठी शाळेतून शिकलो, तेव्हा भिंतीवर तीन कॉलमचा भला मोठा तक्ता होता आणि आम्ही तो सुरात म्हणायचो. पण तिसऱ्या कॉलमचं, म्हणजे व्ही थ्री किंवा थर्ड फॉर्मचं (दुसरा कॉलम तो व्ही टू), करायचं काय हे नीट कळायला मला नोकरीला लागेपर्यंत वाट बघावी लागली, आणि आता संध्याकाळी भरतीची आणि बँकेची तयारी करणारी पोरं-पोरी येऊन बसतात त्यांचंही तिथंच अडतं. तक्ता पाठ असतो पण वाक्य बनवायची वेळ आली की कुणी ‘आय हॅव वेंट’ म्हणतं, कुणी ‘आय ॲम कम्प्लिटेड माय ग्रॅज्युएशन’ म्हणतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय, ज्याला जिथे अडतंय तिथून वाचा, पण पायरी १ आणि ५ सोडू नका. खरी गडबड त्या दोनच ठिकाणी होते.

इंग्रजी शब्द मी इथे देवनागरीतच लिहिलेत, स्पेलिंग वहीत लिहिताना डिक्शनरीतून बघून घ्या.

काय काय लागेल

- एक साधी वही, मधे रेघ मारून दोन भाग केलेली
- दोन रंगाचे पेन
- डिक्शनरी, जिच्या मागे क्रियापदांचा तक्ता असतो ती. मोबाइलमधली असेल तर उच्चार ऐकवणारी घ्या
- घरात पडलेली दुकानाची बिलं, रेल्वेचं तिकीट, भरतीची जाहिरात, जुना प्रश्नपत्रिकासंच. हे कशाला ते पायरी ६ मध्ये येईल

क्लास लावायची गरज नाही, रोज थोडा वेळ बसलात तरी पुरे.

१. आधी डोक्यातून ‘थर्ड फॉर्म म्हणजे भूतकाळ’ हे काढून टाका

नावातच ‘पास्ट’ आहे म्हणून सगळ्यांना वाटतं की हा काळ आहे. नाही. व्ही टू हा काळ आहे, व्ही थ्री हा काळ नाहीच. हे वाक्य बघा: ‘द रिझल्ट विल बी डिक्लेअर्ड टुमॉरो.’ निकाल उद्या लागणार आहे, अजून काहीच झालेलं नाही, तरी ‘डिक्लेअर्ड’ हा व्ही थ्री तिथं बसलाय. मग काळ कुणी सांगितला? ‘विल बी’ने. व्ही थ्रीच्या मागे जो मदतनीस शब्द असतो तोच काळ सांगतो, व्ही थ्री फक्त ‘झालेलं’ एवढंच सांगतो.

आणि मराठीत आपल्याकडे याला नेमका जोडीदार आहे, ‘लेला’. रोट म्हणजे लिहिलं, रिटन म्हणजे लिहिलेलं. ब्रोक म्हणजे मोडलं, ब्रोकन म्हणजे मोडलेलं. कुक्ड म्हणजे शिजवलेलं, सोल्ड म्हणजे विकलेलं, लॉस्ट म्हणजे हरवलेलं. ‘लेला-लेली-लेलं’ लावून अर्थ जमत असेल तर व्ही थ्री लागायची शक्यता खूप मोठी आहे.

ज्यांच्या घरात अहिराणी बोलतात त्यांना तर हे अजून सोपं जातं. ‘काम करेल शे’ म्हणजे काम केलेलं आहे, ‘चिठ्ठी लिखेल शे’ म्हणजे चिठ्ठी लिहिलेली आहे. हे करेल आणि लिखेल म्हणजेच डन आणि रिटन. शाळेच्या मराठीत ‘करेल’ म्हणजे पुढे कधीतरी करेल असा अर्थ होतो म्हणून पोरं गोंधळतात, पण घरचं ‘करेल शे’ डोळ्यासमोर ठेवा, इंग्रजीच्या ‘हॅज डन’शी त्याची बांधणी बऱ्यापैकी जुळते. ज्या भाषेत तुम्ही आजीशी बोलता तिच्यात हे रूप तुम्ही लहानपणापासून वापरताय, नवीन काहीच शिकायचं नाहीये, फक्त ओळखायचंय.

२. तक्ता पाठ करा, पण एबीसीडीप्रमाणे नाही, गटाने

अल्फाबेटिकल यादी पाठ करणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात एकासारखं एक काहीच येत नाही. गट पाडा, सुरात आपोआप बसतात.

तिन्ही सारखे: कट-कट-कट, पुट, हिट, हर्ट, शट, लेट, सेट, कॉस्ट, स्प्रेड. हे फुकटचे मार्क.

दुसरा आणि तिसरा सारखा: बाय-बॉट-बॉट, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, टीच-टॉट-टॉट, कॅच-कॉट-कॉट, थिंक-थॉट-थॉट. मग कीप-केप्ट-केप्ट, स्लीप-स्लेप्ट-स्लेप्ट. मग सेंड-सेंट-सेंट, स्पेंड-स्पेंट-स्पेंट, बिल्ड-बिल्ट-बिल्ट. मग सेल-सोल्ड-सोल्ड, टेल-टोल्ड-टोल्ड.

तिन्ही वेगळे, शेवटी ‘न’ येणारे: टेक-टुक-टेकन, गिव्ह-गेव्ह-गिव्हन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, स्पीक-स्पोक-स्पोकन, चूज-चोझ-चोझन, स्टील-स्टोल-स्टोलन, नो-न्यू-नोन, ग्रो-ग्रू-ग्रोन, थ्रो-थ्रू-थ्रोन.

तिन्ही वेगळे, मधला स्वर बदलणारे: सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन, स्विम-स्वॅम-स्वम. यात ‘आय हॅव ड्रँक’ असं चुकतं, ड्रंक पाहिजे.

पहिला आणि तिसरा सारखा: कम-केम-कम, बिकम-बिकेम-बिकम, रन-रॅन-रन. ‘ही हॅज केम’ हे फार जण म्हणतात. हॅज कम. एवढं एक जरी सुधारलं तरी समोरच्याला फरक जाणवतो.

‘रीड’चं स्पेलिंग तिन्ही ठिकाणी तेच, फक्त दुसरा-तिसरा ‘रेड’ असा वाचायचा. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं आणि ‘ले’ म्हणजे ठेवणं यांचा गोंधळ इंग्रजी घरात बोलणारेही करतात, सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका.

तक्त्यात अशी अजून काही सापडतील, ती त्या त्या गटात टाका. बाकी बहुतेक क्रियापदं ईडी लावणारी. त्यात व्ही टू आणि व्ही थ्री एकच असतो, पाठ करायचं काही नाही, पण उच्चार जपा. आपण ‘वॉकेड’, ‘कुकेड’, ‘वॉशेड’ असं स्पेलिंग वाचल्यासारखं बोलतो. तसं नसतं. क, प, स, श, च, फ असा आवाज असेल तर शेवटी ‘ट’ ऐकू येतो: वॉक्ट, कुक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. स्वर किंवा ल, न, म, ब, ग, व्ह असा आवाज असेल तर ‘ड’: प्लेड, कॉल्ड, क्लीन्ड. आणि शेवट ट किंवा ड असेल तरच ‘इड’ असा वेगळा तुकडा येतो: वाँटिड, नीडिड, प्रिंटिड. शहाणी माणसं आयुष्यभर वॉकेड म्हणत राहतात कारण कुणी सांगितलेलंच नसतं. (लिहिताना मी सोयीसाठी कुक्ड, वॉश्ड असंच लिहिलंय, बोलताना ट.)

बर्न, लर्न, स्पेल यांची बर्न्ट-बर्न्ड अशी दोन-दोन रूपं दिसतील, दोन्ही चालतात, त्यात वेळ घालवू नका.

३. पहिलं काम: हॅव, हॅज, हॅड

कर्त्याने स्वतः काम केलेलं आहे, तर हॅव किंवा हॅज आणि पुढे व्ही थ्री. ‘आय हॅव ईटन’, मी जेवलोय. ‘शी हॅज फिल्ड इन द फॉर्म’, तिने फॉर्म भरलाय. बोलताना आपण ‘भरलाय’, ‘जेवलोय’, ‘गेलाय’ असं आखडून बोलतो म्हणून ‘लेला’ लपतो, तो ताणून बघा: भरलेला आहे, जेवलेलो आहे, गेलेला आहे. ताणलं की दिसतो.

हॅड कधी? मागच्या एखाद्या क्षणाच्याही आधी झालेलं असेल तेव्हा. ‘व्हेन वी रीच्ड भुसावळ, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ आपण पोचलो हा एक क्षण, गाडी त्याच्याही आधी गेलेली. गोष्ट एकच असेल तर हॅड लावायची गरज नाही, काही जण भारी वाटतं म्हणून सगळीकडे ‘आय हॅड गॉन, आय हॅड डन’ लावतात, तिथं साधा व्ही टू बरा.

सापळा: मराठीत ‘मी फॉर्म कालच भरलाय’ हे अगदी बरोबर वाक्य आहे. ‘काल’ आणि ‘आहे’ आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात. इंग्रजीत नाही चालत. यस्टर्डे, लास्ट वीक, इन २०१९, टू डेज अगो असा संपलेला वेळ वाक्यात आला की हॅव-हॅज बाहेर, थेट व्ही टू. ‘आय फिल्ड इन द फॉर्म यस्टर्डे.’ वेळ सांगितलेली नाही तर ‘आय हॅव फिल्ड इन द फॉर्म’.

अजून एक, इंटरव्ह्यूत उपयोगी पडणारं. ‘माय ब्रदर हॅज गॉन टु पुणे’ म्हणजे भाऊ पुण्याला गेलाय आणि अजून तिकडेच आहे. ‘माय ब्रदर हॅज बीन टु पुणे’ म्हणजे जाऊन आलाय, कधीतरी बघितलंय. तुम्हाला ‘हॅव यू बीन टु मुंबई?’ विचारलं तर ‘येस, आय हॅव गॉन’ म्हणू नका, तुम्ही तर समोर बसलेले आहात. ‘येस, आय हॅव बीन देअर.’

आणि डिड, कॅन, विल, मस्ट यांच्या लगेच पुढे व्ही थ्री कधीच येत नाही. ‘आय डिड नॉट गॉन’ चूक, ‘आय डिड नॉट गो’.

४. दुसरं काम: इज, वॉज, बी, म्हणजे पॅसिव्ह

इथे कर्त्याने काही केलेलं नसतं, त्याच्यावर काहीतरी केलं जातं. बोर्डाच्या पेपरात ‘चेंज द व्हॉइस’ येतो तो हाच.

एकच वाक्य घेऊन सगळे काळ फिरवा, पंधरा वाक्यं पाठ करण्यापेक्षा हे बरं. रस्ता घ्या, आपल्याकडे तो कायम कामातच असतो:

- द रोड इज रिपेअर्ड एव्हरी इयर: दरवर्षी दुरुस्त केला जातो
- द रोड वॉज रिपेअर्ड: दुरुस्त केला गेला
- द रोड विल बी रिपेअर्ड: केला जाईल
- द रोड इज बीइंग रिपेअर्ड: आत्ता काम चालू आहे
- द रोड हॅज बीन रिपेअर्ड: काम झालेलं आहे

बघा, ‘रिपेअर्ड’ पाचही ठिकाणी जागचा हलला नाही. पायरी १ मध्ये सांगितलं ते हेच. ‘बीइंग’ आणि ‘बीन’ मध्ये जो घोळ होतो त्यावर उपाय: बीइंग म्हणजे चालू, बीन म्हणजे झालं. बीन हा स्वतःच ‘बी’चा व्ही थ्री आहे म्हणून त्याच्या मागे हॅव-हॅज-हॅड लागतोच.

इतिहास-भूगोलाची वाक्यं बनवून बघा, पॅसिव्हसाठी त्याच्यासारखं दुसरं मटेरियल नाही. ‘खानदेश वॉज डिव्हायडेड इंटू टू डिस्ट्रिक्ट्स इन १९०६’, पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले ते साल. ‘नंदुरबार डिस्ट्रिक्ट वॉज फॉर्म्ड इन १९९८.’ ‘बहिणाबाई चौधरी वॉज बॉर्न इन असोदा इन १८८०.’ हे शेवटचं नीट बघा, कारण स्वतःची ओळख करून देताना बरेच जण ‘आय बॉर्न इन चोपडा’ म्हणतात. बॉर्न एकटा येत नाही. आय वॉज बॉर्न. आणि ‘आय ॲम बॉर्न’ पण नाही, जन्म होऊन गेला, म्हणून वॉज.

‘बाय’ प्रत्येक वेळी लावायची गरज नसते. जिल्हा कुणी बनवला, रस्ता कुणी दुरुस्त केला हे महत्त्वाचं नसेल तर सोडून द्या.

५. सगळ्यात मोठा सापळा: आपला ‘आहे’

हे दोनदा वाचा.

मराठीत ‘मी ग्रॅज्युएशन पूर्ण केलेलं आहे’ मध्ये पण ‘आहे’ आणि ‘रस्ता बंद केलेला आहे’ मध्ये पण ‘आहे’. अहिराणीत दोन्हीकडे ‘शे’. आपल्याला एकाच शब्दात दोन्ही कामं करायची सवय, आणि ‘आहे म्हणजे ॲम-इज-आर’ हे पहिलीपासून डोक्यात बसलेलं. त्यामुळे इंग्रजी बोलताना तोंडातून पहिलं ॲम-इजच निघतं. ‘आय ॲम कम्प्लिटेड माय ग्रॅज्युएशन’, ‘आय ॲम डन बीएस्सी’, ‘ही इज केम’, ‘ॲक्सिडेंट इज हॅपन्ड’. चूक अभ्यास कमी पडला म्हणून होत नाही, मराठी चांगली पक्की आहे म्हणून होते. पण इंग्रजीत या दोन ‘आहे’ना दोन वेगळे दरवाजे आहेत आणि चुकीच्या दरवाजाने गेलात तर अर्थच उलटतो. ‘आय हॅव ईटन’ म्हणजे मी खाल्लंय. ‘आय ॲम ईटन’ म्हणजे मलाच कुणीतरी खाल्लंय.

म्हणून वाक्य तोंडातून काढायच्या आधी एकच प्रश्न विचारा: काम कर्त्याने केलंय, की कर्त्यावर झालंय?

केलंय तर हॅव-हॅज-हॅड. झालंय तर इज-वॉज-बी. बस.

मी कोर्स पूर्ण केलाय. मी केलाय. ‘आय हॅव कम्प्लिटेड द कोर्स.’
कोर्स पूर्ण झालेला आहे. कोर्सवर झालंय. ‘द कोर्स इज कम्प्लिटेड’ किंवा ‘हॅज बीन कम्प्लिटेड’.
मी रेझ्युमे जोडलाय. ‘आय हॅव अटॅच्ड माय रेझ्युमे.’
रेझ्युमे जोडलेला आहे. ‘माय रेझ्युमे इज अटॅच्ड.’
नोकरीच्या मेलमध्ये ही शेवटची दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण ‘आय ॲम अटॅच्ड माय रेझ्युमे’ लिहिलंत तर पहिल्याच ओळीत इम्प्रेशन गेलं.

आता काही क्रियापदं अशी आहेत जी कुणावर होतच नाहीत, आपोआप घडतात: हॅपन, कम, अराइव्ह, डाय, ऑकर, डिसअपिअर. यांचा पॅसिव्ह बनतच नाही. म्हणून ‘ॲन ॲक्सिडेंट हॅज हॅपन्ड’, ‘द बस हॅज अराइव्ह्ड’, ‘ही डाइड लास्ट इयर’. ‘वॉज हॅपन्ड’, ‘वॉज डाइड’ असं काही नसतं.

मग कुणीतरी हुशार पोरगी विचारतेच की ‘आय ॲम टायर्ड’, ‘शी इज मॅरिड’, ‘माय फादर इज रिटायर्ड’, ‘द मिल्क इज गॉन’ हे कसं काय चालतं? चांगला प्रश्न आहे. हे व्ही थ्री वापरून वापरून विशेषण झालेत, थकलेला, लग्न झालेली, निवृत्त, संपलेलं. हंग्री, हॅपी जसं ॲम-इजनंतर बसतं तसेच हे बसतात. थोडेच आहेत, वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा. आणि मॅरिडच्या पुढे ‘टु’ येतो, ‘विथ’ नाही.

६. तिसरं काम: नामाला चिकटणं

आता ती बिलं काढा.

कपड्याच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या बिलावर खाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा एक ओळ असते: ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.’ आपण ती शेकडो वेळा बघितलेली असते. त्यात दोन व्ही थ्री आहेत आणि दोघांची कामं वेगळी. ‘टेकन’च्या मागे ‘बी’ आहे, म्हणजे पायरी ४ चा पॅसिव्ह, परत घेतला जाणार नाही. ‘सोल्ड’च्या मागे मात्र काहीच नाही, तो थेट ‘गुड्स’ला चिकटलाय: एकदा विकलेला माल. विशेषणाचं काम.

असं सगळीकडे सापडेल. जाहिरातीत ‘हेल्पर वाँटेड’. कागदपत्रांत ‘सेल्फ-अटेस्टेड कॉपी’, ‘ड्यूली फिल्ड फॉर्म’. रेल्वेच्या ॲपवर ‘चार्ट नॉट प्रिपेअर्ड’. हॉटेलात ‘फ्राइड राइस’. आणि बोर्डाच्या पेपरात ग्रामरच्या प्रश्नावर जे लिहिलेलं असतं ते ‘डू ॲज डायरेक्टेड’, सांगितलेलं आहे तसं करा, तेही तसंच. रोज असे पाच-सहा शोधून वहीत डाव्या बाजूला लिहा आणि उजवीकडे त्याचा ‘लेला’ लिहा. तक्ता घोकण्यापेक्षा हा सराव मला जास्त कामाचा वाटतो, कारण शब्द आपल्या रोजच्या जगातून येतात.

जागा कुठे? एकटाच शब्द असेल तर नामाच्या आधी: रोस्टेड ब्रिंजल, भाजलेलं वांगं. त्याला शेपूट जोडायची असेल तर नामाच्या नंतर: ‘बनानाज ग्रोन इन रावेर’, रावेरला पिकवलेली केळी. मराठीत शेपूट आधी येते आणि इंग्रजीत नंतर, म्हणून भाषांतर करताना पोरं अडखळतात. खरं तर मधे ‘दॅट आर’ होतं, ते गळालंय.

पॅसेज वाचताना हे ओळखता आलं नाही तर अख्खं वाक्य हातातून जातं. हे वाक्य घ्या: ‘द टॉक्स गिव्हन बाय विनोबा इन धुळे जेल इन १९३२ वेअर रिटन डाउन बाय साने गुरुजी.’ वाचणारा ‘गिव्हन’लाच मुख्य क्रियापद समजतो आणि पुढे ‘वेअर रिटन’ आलं की थबकतो. व्ही थ्री दिसला आणि त्याच्या मागे हॅव किंवा बी यातलं काही नसेल तर तो मुख्य क्रियापद नाही, पुढे जा, खरं क्रियापद अजून यायचंय. विनोबांनी १९३२ साली धुळे तुरुंगात दिलेली प्रवचनं साने गुरुजींनी लिहून घेतली. ‘दिलेली’ म्हणजे गिव्हन. आपल्या खानदेशातली गोष्ट आहे, उदाहरण म्हणून कायम लक्षात राहील.

७. बोअर्ड की बोरिंग

व्ही थ्री म्हणजे ज्याला वाटतंय तो, आयएनजी म्हणजे ज्याच्यामुळे वाटतंय ते. लेक्चर बोरिंग, म्हणून आपण बोअर्ड. निकाल शॉकिंग, म्हणून घरचे शॉक्ड. ‘आय ॲम बोरिंग’ म्हणालात तर तुम्ही स्वतःला कंटाळवाणा माणूस म्हणताय. ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ हे इंटरव्ह्यूत फार ऐकू येतं, ‘इंटरेस्टेड’ पाहिजे. कन्फ्यूज्ड-कन्फ्यूजिंग, टायर्ड-टायरिंग, एक्साइटेड-एक्साइटिंग, जोड्या करून लिहा.

८. दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम

हे शाळेत क्वचितच शिकवतात, आणि रोज लागतं. मोटर जळाली, मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतली. ‘आय रिपेअर्ड द मोटर’ म्हटलं तर तुम्ही स्वतः पाना घेऊन बसलात असा अर्थ होतो. ‘आय गॉट द मोटर रिपेअर्ड.’ म्हणजे गॉट किंवा हॅड, मग वस्तू, मग व्ही थ्री. ‘आय हॅड माय हेअर कट’, केस कापून घेतले. ‘गेट युवर डॉक्युमेंट्स अटेस्टेड’, अटेस्ट करून घ्या. क्रम बदलू नका. ‘आय हॅड कट माय हेअर’ केलंत की अर्थ होतो मी स्वतःच आधी कापलेले होते.

९. शुड हॅव, कुड हॅव

करायला हवं होतं पण केलं नाही: ‘आय शुड हॅव गॉन.’ करता आलं असतं: ‘आय कुड हॅव डन इट.’ केलेलं असणार: ‘ही मस्ट हॅव लेफ्ट.’ कर्ता कुणीही असो, इथे हॅवच, ‘शी शुड हॅज गॉन’ नाही.

१०. दोन्ही रूपं सारखी असतील तर ओळखायचं कसं

व्हॉट्सॲपवर तुम्ही मेसेज डिलीट केला की तुमच्याकडे दिसतं ‘यू डिलीटेड धिस मेसेज’ आणि समोरच्याने केला की दिसतं ‘धिस मेसेज वॉज डिलीटेड’. शब्द तोच, पण पहिला व्ही टू आणि दुसरा व्ही थ्री. खात्री करायची तर त्या जागी ‘राइट’ टाकून बघा. ‘यू रोट धिस मेसेज’, ‘धिस मेसेज वॉज रिटन’. रोट बसला तर व्ही टू, रिटन बसला तर व्ही थ्री. राइटने अर्थ जमत नसेल तर ईट किंवा टेक घ्या. परीक्षेत कच्च्या कामाच्या जागेत दोन सेकंदात होतं.

११. आता हे स्वतः करून बघा

खालची वाक्यं आधी वहीत इंग्रजीत करा, मग उत्तरं बघा. प्रत्येकाला पायरी ५ चा प्रश्न विचारा.

क) माझा मोबाइल चोरीला गेलाय.
ख) पाऊस थांबलाय.
ग) मी फी मागच्या आठवड्यात भरलीय.
घ) आजीने केलेलं लोणचं संपलंय.
च) तू मला सांगायला हवं होतंस.
छ) मी जळगावला गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली.

उत्तरं:

क) माय मोबाइल हॅज बीन स्टोलन. मराठीत ‘गेलाय’ आहे म्हणून गॉन लावू नका, मोबाइलवर चोरी झालीय.
ख) द रेन हॅज स्टॉप्ड. पाऊस स्वतः थांबला, कुणी थांबवला नाही.
ग) आय पेड द फीज लास्ट वीक. ‘मागच्या आठवड्यात’ आलं, म्हणून व्ही थ्री नाहीच.
घ) द पिकल मेड बाय माय ग्रँडमदर इज फिनिश्ड. ‘मेड’च्या मागे काही नाही, तो लोणच्याला चिकटलाय. ‘फिनिश्ड’ इथे विशेषणासारखा, पायरी ५ मधल्या वेगळ्या पानावर हाही लिहून घ्या.
च) यू शुड हॅव टोल्ड मी.
छ) आय गॉट माय बाइक सर्व्हिस्ड इन जळगाव. ‘आय सर्व्हिस्ड माय बाइक’ लिहिलं असेल तर पायरी ८ परत वाचा, आणि ‘गॉट सर्व्हिस्ड माय बाइक’ लिहिलं असेल तर क्रम चुकलाय, वस्तू मधे येते.